रंग ओला आहे तोवर

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. पण रंगाचा नाही, पाण्याचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण ब्रश म्हटलं की लोक लगेच विचारतात, तू कुठलं चित्र काढलंस? मी एकही काढलं नाही. दुसऱ्यानं लावलेल्या रंगाच्या कडा मऊ करायच्या, एवढंच मी जन्मभर केलं. म्हणून या प्रश्नानं माझं डोकं फिरतं. माझा स्वभावच तसा, चटकन तापणारा. पण आता तापायचाही कंटाळा येतो, त्यामुळे घाबरू नका. बसा आणि ऐका.

जोन्जू शहराच्या जुन्या बाजारामागं एक गिरणी आहे, मिरची दळायची आणि तिळाचं तेल काढायची. तिच्या बाजूनं जिना चढलं की वर एक खोली. खोलीची जमीन खालून गरम राहते, तिच्यावर कागद पसरून यॉनशिमबाई चित्रं काढतात. खिडकीपाशी एक दोरी आहे आणि तिच्यावर आम्ही सगळे ब्रश खाली डोकं करून लटकतो. खाली गिरणी सुरू झाली की वर आम्ही डुलतो. मिरची दळायला आली की बाई शिंकतात, आणि शिंक आली की हातातली रेघ सोडून देतात. बाकी कशासाठी रेघ सोडलेली मी बघितली नाही.

माझा जन्म ग्वांगजूचा. एका म्हाताऱ्यानं मला बनवलं. केस पांढऱ्या बोकडाचे. बोकडाला विचारून घेतले असतील असं मला वाटत नाही. म्हाताऱ्यानं ते केस तुसाच्या राखेत चोळले, त्यातलं तेल काढलं, मग विंचरत बसला. सुरीच्या पात्यानं एकेक केस उचलून बघायचा. टोक तुटलेला असला की बाहेर, उलटा लागला असला की बाहेर. त्याची बायको जेवायला हाका मारून मारून दमायची. हा म्हणायचा, "एक केस उलटा राहिला ना, तर सगळा ब्रश खोटं बोलतो." बायको म्हणायची, "तुझं पोट रोज खोटं बोलतं, भूक नाही म्हणून. ये आधी."

मग बांबूची दांडी आली, लटकवायला दोऱ्याचा फास आला, आणि मी त्याच्याच दुकानात जाऊन बसलो.

यॉनशिमबाई तिथं आल्या तेव्हा तरुण होत्या. पाठीला त्यांची मुलगी बोराम रजईनं बांधलेली. बाई एकेक ब्रश उचलायच्या आणि खालच्या ओठावरून फिरवून बघायच्या. मला उचललं, खांद्यावरून मागं नेलं उजेडात धरायला, आणि पाठीवरच्या पोरीनं मला धरून सरळ तोंडात घातलं. चघळलं चांगलं. म्हातारा म्हणाला, "आता न्यावाच लागेल. उष्टा ब्रश मी परत ठेवत नाही." बाई हसल्या. मी मात्र चिडलो होतो. एवढे दिवस विंचरून घेतलं, आणि पहिलं पाणी लागलं ते लाळेचं.

आता आमचं काम सांगतो. बाई लोकचित्रं काढतात. जुन्या काळी ती गावोगाव फिरणारी माणसं काढायची, त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. दात काढून हसणारा वाघ, कमळं, मासे, पुस्तकांचे ढीग, आणि मोरानची फुलं. मोरान म्हणजे थाळीएवढं फूल, पाकळीत पाकळी, तिच्यात आणखी पाकळी. लग्नात नवरानवरीच्या मागं मोरानचा पडदा उभा करायचा, घडीचा, एकाला एक जोडलेली उभी पानं असलेला. संसार भरलेला राहो म्हणून.

हातकागदाला आधी सरस आणि तुरटीचं पाणी लावायचं, नाहीतर रंग पसरतो. खाली नमुना ठेवून वर रेघ ओढायची. मग शिंपल्याचं पांढरं लावायचं. आणि मग आमची पाळी. बाईंच्या एकाच मुठीत आम्ही दोघं असतो. पुढं रंगाचा ब्रश, मागं बोटांच्या फटीत मी. तो पाकळीच्या मुळाशी गडद लाल लावतो. लगेच अंगठ्याचा एक हेलकावा, तो मागं जातो, मी पुढं येतो, आणि तो लाल वाळायच्या आत मी ओल्या टोकानं त्याला बाहेर ओढत नेतो. लाल फिकं होत होत कडेला जाऊन नाहीसं होतं. कुठं संपलं ते दिसायला नको. दिसलं तर माझी चूक. नाही दिसलं तर कौतुक त्याचं.

माझे जोडीदार किती आले आणि गेले. मुंगसासारख्या पिवळ्या जनावराचे केस, ताठ, मिजासखोर. रंग खाऊन खाऊन झिजायचे, नवा यायचा. नवा आला की पहिल्या दिवशी माझ्याकडं असा बघायचा, जणू मी दारातलं पायपुसणं. मला वाटायचं, एकदा, एकदाच मला लालमध्ये बुडवा. बघा मग मी काय करतो ते.

माझ्यात पाणी जास्त झालं तर डाग पडतो, म्हणून बाई मला ओठावर टेकवायच्या. जास्तीचं पाणी ओठ पिऊन घ्यायचा. त्यामुळे बाईंचं सगळं मला चवीनं कळत गेलं. सकाळी जवाचा चहा. हिवाळ्यात संत्री. कोबीचं वर्षाचं लोणचं घालायच्या आठवड्यात लसूण आणि तिखट, मला आठ दिवस खाज सुटायची. नवरा गेला त्या वर्षी नुसतं मीठ. पुढं मग गोळ्यांचा कडूपणा आला, आणि तो काही गेला नाही.

बरे दिवसही होते. पुस्तकांच्या ढिगाचं चित्र असतं ना, त्यात जुनी माणसं दौत, पंखा, डाळिंब असलं काढायची. बाईंनी त्यात भाताचा कुकर काढला. मोबाइलचा चार्जर काढला, त्याची वायर वेलीसारखी फिरवली. वाघाला कपडे धुवायच्या मशीनवर बसवलं. राजधानीत, सोलमध्ये, प्रदर्शन लागलं, लोक चित्रासमोर उभे राहून हसायचे आणि मग जवळ जाऊन गप्प व्हायचे. एक फोटोवाला वरच्या खोलीत आला. त्यानं रंगाचा ब्रश उचलून बाईंच्या हातात दिला आणि मला म्हणाला, म्हणजे मला नाही, स्वतःशीच, "हा मळका बाजूला करू." मला. मळका. जन्मात रंगात न बुडालेल्याला. असो.

कौतुकामागून दुर्लक्ष आलं. एका कंपनीला वाघ हवे होते, मोबाइलच्या कव्हरवर छापायला. त्यांनी सांगितलं, कडा साफ ठेवा, फिकट होत गेलेला रंग छपाईत मरतो. मग बाई सपाट रंग भरू लागल्या, आणि मी दोरीवर लटकलो तो लटकलो. धूळ, तिळाच्या तेलाचा वास, गिरणीचा थरथराट. रागावून उपयोग काय. मी वाळत गेलो.

बोरामचं आता सांगतो, कारण पुढची गोष्ट तिचीच आहे. ती या खोलीतच वाढली. आमची डोकी धुणं तिचं काम. कोमट पाणी, बोटांनी हळूहळू दाबायचं, टोक जुळवायचं, टांगायचं. मग तीही रंगवायला लागली. शाळेचं शेवटचं वर्ष होतं. शिकायला येणाऱ्या बायका बसल्या होत्या, बोराम एका पाकळीवर मला फिरवत होती, आणि बाईंनी तिचं मनगट धरलं. म्हणाल्या, "पाणी जड आहे तुझ्या हातात. सोड हे. दुसरं काहीतरी शीक." सगळ्यांसमोर. बायका आपापल्या कागदात बघायला लागल्या. बोराम उठली. मला धुतलं, टोक जुळवलं, टांगलं आणि जिना उतरून गेली. धुवून गेली, हे लक्षात ठेवा. पार तुटलेला माणूस ब्रश धुवत नाही.

सोलमध्ये तिला नोकरी लागली. सणाला यायची, फळांची पेटी आणायची, जेवायची, जायची. या खोलीत कागदाला हात लावला नाही पुन्हा.

गेल्या पानगळीत फोन आला. बाई फोन गरम जमिनीवर ठेवून मोठ्यानं बोलतात, त्यामुळे आम्ही सगळे ऐकतो. बोरामचं लग्न ठरलं होतं, वसंतात.

बाई म्हणाल्या, "तुझ्या पडद्याला लागते मग."

"कुठला पडदा?"

"मोरानचा. तुला सांगितलं नव्हतं का लहानपणी."

"आई, हॉलमध्ये भिंतच टीव्हीची आहे. हवी ती फुलं लावतात."

"मोठ्यांच्या पाया पडायची खोली वेगळी असते ना? तिथं टीव्ही लावणार का?"

बोराम म्हणाली, "तिथं भाड्यानं देतात."

"माझ्या लग्नात भाड्याचाच होता. कोपरा उंदरानं खाल्लेला. फोटोत तो कोपरा बरोबर माझ्या डोक्यावर आलाय. तुझ्या डोक्यावर मी उंदीर येऊ देणार नाही."

झालं. जगाच्या लग्नांना फुलं काढून दिली होती या बाईनं, आता घरच्या लग्नाची पाळी होती. मला दोरीवरून काढलं, पाण्यात भिजवलं, आणि कितीतरी दिवसांनी ओठावर टेकवलं. कडू लागलं. पण मला बरं वाटलं.

मी पहिल्याच दिवशी ओळखलं की मूठ बदलली आहे. अंगठ्याला पट्टी होती, कापरासारख्या वासाची. हेलकावा पूर्वी डोळ्यांची पापणी लवावी तसा व्हायचा, आता अडखळायचा. मी पोचेपर्यंत रंग कडेला वाळायला लागलेला. डॉक्टर म्हणाले होते सांधा झिजलाय, विश्रांती द्या. बाईंनी अंगठ्याला विश्रांती म्हणून भाजी चिरायची सोडली, आणि चित्राला दुप्पट बसू लागल्या. आठ पानांचा पडदा होता. पाच झाली. प्रत्येक पानावर पांढरं मोरान मधोमध, गडद लाल दोन्ही बाजूंना. त्यात वर्षाचं लोणचं घालायचे दिवस आले, कोबीचे गड्डेच्या गड्डे पिळून झाले, आणि अंगठा पुरताच गेला.

सहाव्या पानाची दुपार. पांढऱ्या मोरानची पाकळी होती, मुळाशी हलकं हिरवं लावून पाण्यानं सोडून द्यायचं. शेजारच्या ताटलीत लाल कालवून ठेवलेलं. बाईंनी अंगठ्याचा हेलकावा दिला. बोटांना काही कळलं नाही. आम्ही दोघं अदलाबदल झालोच नाही, नुसते एकमेकांवर घासलो, आणि बाईंनी रंगाचा समजून मला ताटलीत बुडवलं. लक्ष सगळं अंगठ्याकडं, म्हणून तेही हिरवं सोडून लालच्या ताटलीत.

मित्रांनो, काय सांगू. जन्मभर ज्याची वाट बघितली ते अंगात शिरलं. गरम वाटलं. मी फुगलो, जड झालो, मला वाटलं, आता बघा. आणि पुढच्याच क्षणी अंगठा पुन्हा घसरला, आणि मी पाणी आहे असं समजून बाईंनी मला पांढऱ्या पाकळीवर ठेवून कडेपर्यंत ओढलं.

जखमेसारखी रेघ उठली. शिंपल्याचं पांढरं ओलं होतं, पुसायला गेलं तर तेच निघून आलं असतं. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी आम्हाला खाली ठेवलं आणि आपल्या अंगठ्याकडं बघत बसल्या, दुसऱ्या कुणाचा तरी चुकून हातात आलाय असं. मग कागदाची घडी घातली आणि सरसाच्या भांड्याखाली ठेवली.

मला धुतलं. पुन्हा धुतलं. टोक पांढरं झालं, पण दांडीजवळच्या मुळात लाल बसलं ते बसलंच. पाणी भरलं की गुलाबी उतरायचं. पाण्याच्या ब्रशला रंग लागला म्हणजे तो कामातून गेला. बाईंनी मला दोरीवर टांगलं नाही. मोडक्या ब्रशांच्या डब्यात उभं ठेवलं. तिथं एकाला केस नाहीत, एकाची दांडी फुटलेली. मला एवढी चीड आली की मी कुणाशी बोललो नाही.

बाईंनी नवा ब्रश आणला, नायलॉनचा. तो पाणी धरतच नाही, भडाभडा ओकून टाकतो. दोन कागद वाया गेले. बाई मग नुसत्या बसायच्या. फोन आला की म्हणायच्या, "झालंय गं, कडा राहिल्यात."

खालच्या गिरणीची मालकीण दोकसुन एक दिवस तांदळाचे गरम केक घेऊन वर आली. कोरे कागद बघितले, बाईंचा हात बघितला.

"बोरामची आई, कडा राहिल्यात म्हणालीस ना? मला तर फुलंच राहिलेली दिसतायत."

"ताई, केक ठेव आणि जा."

"पोरीला सांग."

"काय सांगू? आईला साधा ब्रश धरता येत नाही म्हणून? तिला मी सगळ्यांसमोर काय बोलले होते, तू होतीस ना इथं?"

"होते की. आणि चूक बोललीस हे तेव्हाही म्हणाले होते. पण तुझे कान गिरणीच्या आवाजानं गेलेत." दोकसुननं केक ठेवले आणि गेली.

हिवाळा सरत आला तेव्हा बोराम आली. लग्नाचे कपडे मापाला तयार झाले होते, आईला घेऊन शिंप्याकडं जायचं होतं. जिन्यातच दोकसुननं तिला गाठलं असणार, कारण वर आली ती बदललेल्या चेहऱ्यानंच. चपला काढल्या, बसली नाही.

"आई, पानं किती झाली?"

"सगळी. सुकायला ठेवलीत."

बोरामनं कागद सुकवायच्या आतल्या खोलीचं दार सरकवलं. "इथं पाच आहेत."

"तू मोजायला आलीस का कपडे घालून बघायला?"

"अंगठा दाखव."

"अंगठ्याला काय धाड भरलीय."

"दोकसुन मावशी म्हणाली."

"तिच्या जिभेलाच मोटार बसवलीय, दिवसभर दळत असते." बाईंनी हात मागं घेतला. बोरामनं तो धरून पुढं आणला. पट्टी सोडली. अंगठ्याचा सांधा आल्याच्या गड्ड्यासारखा झाला होता. खाली तीळ दळत होते.

"भाड्याचा घेऊ," बोराम हळूच म्हणाली. "पाहुण्यांना काय कळतंय."

बाई कधी रडत नाहीत. त्या दिवशीही रडल्या नाहीत. पण खांदे असे खाली आले, की मी डब्यातून बघत होतो, मला वाटलं, आता ही बाई पुन्हा कागदाला बसत नाही. पडद्याचं राहू द्या. वाघ नाही, मासा नाही, काहीच नाही.

बोरामलाही ते दिसलं असणार. ती खाली बसली.

"दोन हातांनी कर. एकात रंग, एकात पाणी."

"डावा हात आंधळा आहे माझा."

"मग पाणी मी लावते."

"तुझा हात..." बाई थांबल्या.

"जड आहे. माहितीय मला. सांगितलं होतंस, सगळ्यांसमोर."

बाईंनी ताटली जवळ ओढली. मग म्हणाल्या, "माझी आई मला तसंच म्हणायची. मला वाटलं, शिकवायची पद्धत तीच असते."

"छान पद्धत आहे. ब्रश कुठला घेऊ?"

"तो नवा."

बोरामनं नायलॉनवाल्याला पाण्यात बुडवून कागदाच्या तुकड्यावर टेकवलं. तळं झालं. तिनं तो बाजूला टाकला, मला फार बरं वाटलं. "हा काय ब्रश आहे? जुना कुठंय?"

"गेला तो. मुळात लाल बसलंय. पांढऱ्याला चालायचा नाही."

"मग पांढरं काढायलाच नको. उरलेल्या तीन पानांवर मधलंही लाल कर."

"सगळी पानं सारखी लागतात."

"कुणी सांगितलं? ज्यांनी पहिल्यांदा काढली त्यांची नावं तरी कुणाला माहितीयत? भाताचा कुकर काढताना कुणाला विचारलं होतंस?"

बाईंना हसू आलं. ते त्यांनी दाबलं, पण मी बघितलं. बोरामनं डब्यात हात घातला आणि मला बाहेर काढलं.

मित्रांनो, पहिला दिवस वाईट गेला. बाईंनी लाल लावायचं आणि हात उचलायचा, मग मला घेऊन बोरामनं यायचं. डोक्याला डोकं आपटायचं. बोराम उशीर करायची, कड वाळून तशीच उठून दिसायची. "झोपलीस का? वाळल्यावर येऊन काय उपयोग, ओला असतानाच ये." मग ती घाई करायची, रंग पळायचा. "पाठलाग नाही करायचा. हात धरून न्यायचंय त्याला." "तूच ने मग." "मला नेता येत असतं तर तुला बोलावलं असतं का?" "तू बोलावलंच नाहीस." हे असं दिवसभर. शिंप्याकडं जायचं राहून गेलं.

पाणी जास्त झालं की बाई म्हणायच्या, "ओठाला लाव."

"शी. तुझं उष्टं आहे ते."

"आधी तुझं उष्टं होतं. दुकानदाराला विचार."

बोराम फडक्याला पुसायची. फडकं सगळंच पाणी पिऊन टाकतं, मी कोरडा पडायचो. पण ऐकेल तर ती यॉनशिमची मुलगी कसली.

मग ती दर रविवारी येऊ लागली. सकाळच्या गाडीनं यायची, खाली दोकसुनकडं मोड आलेल्या सोयाबीनचं गरम सार प्यायची, वर येऊन बसायची. बोलणं कमी होत गेलं. बाईंचा हात पाकळीच्या मुळाशी टेकायचा, उठायचा, आणि तो उठताना बोरामचा हात तिथं आलेला असायचा. एकाच मुठीत होतो तेव्हासुद्धा मी इतका नेमका पोचत नव्हतो, असं म्हणणार होतो, पण ते खोटं होईल. मी थोडा उशिराच पोचायचो. हात खरंच जरा जड होता तिचा. पण त्या जडपणानं लाल एकदम सुटत नव्हतं, थोडं रेंगाळत जात होतं, आणि माझ्या मुळातलं गुलाबी त्यात मिसळून जात होतं.

शेवटच्या पानावरची शेवटची पाकळी होती. लाल लागलं, ओलं चमकत होतं. माझ्या टोकाला थेंब लोंबला. फडकं बाईंच्या पलीकडं पडलेलं. बोरामनं पाकळीवरची नजर काढली नाही, मला उचललं आणि खालच्या ओठावर टेकवलं.

चव लसणाची होती. दोघी दुपारी एकाच वाडग्यातून जेवल्या होत्या.

बाईंनी ते बघितलं. रंगाचा ब्रश ताटलीवर आडवा ठेवला, आणि बोराम पाकळीची कड सोडेपर्यंत तो हात मांडीवर तसाच धरून बसल्या.

लग्नाला मला कुणी नेलं नाही, मी दोरीवर होतो. नंतर शिकायला येणाऱ्या बायकांना दोकसुन सगळं सांगत होती, तेव्हा ऐकलं. पाया पडायच्या खोलीत पडदा उभा केला. पोरंबाळं होवोत म्हणून मोठ्यांनी खजूर आणि चेस्टनटची फळं फेकली, बोरामनं ती घागऱ्यात झेलली. नवऱ्याचा काका पडद्याला टेकून घोरायला लागला, त्याला उठवायला लागलं. आणि नवऱ्याकडची एक म्हातारी पडद्याच्या अगदी जवळ जाऊन म्हणाली, शेवटची तीन पानं दुसऱ्या कुणाच्या हातची आहेत.

"मग?" एका बाईनं विचारलं.

"मग काय. नवरी म्हणाली, हो आजी, त्यातलं पाणी माझं आहे."

यॉनशिमबाई कोपऱ्यात सरस ढवळत होत्या. तो केव्हाचा विरघळला होता, तरी ढवळतच राहिल्या.

आता मी थकलोय. केस गळतात, कागदावर पडतात, बोराम नखानं उचलून टाकते. हो, येते अजून. दर रविवारी नाही, नवा संसार आहे तिचा, पण येते. बाई पुन्हा वाघाला बसल्यात. यावेळी त्याला डोलीत बसवलाय. मी पहिल्या जागेवर टांगलेला असतो, मुळात लाल घेऊन. कधीकधी नवा रंगाचा ब्रश मला विचारतो, तू कुठलं चित्र काढलंस? पूर्वी तापायचो. आता म्हणतो, झोप.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाच्या हातात वस्तू थरथरत असेल, घसरत असेल, आणि तो माणूस म्हणत असेल की झालंय, फक्त कडा राहिल्यात, तर त्याचं ऐकू नका. आतलं दार सरकवून बघा. आम्हा ब्रशांना वापरून झाल्यावर धुवा, टोक जुळवा, टांगा, एवढं पुरे. माणसाला तेवढं पुरत नाही. माणसाजवळ जाऊन बसावं लागतं, आणि वेळेत बसावं लागतं. वाळलेल्या रंगावर कितीही पाणी फिरवा, तो हलत नाही. मी फिरून बघितलंय.

बोराम आली तेव्हा रंग ओला होता. थोडासाच, पण होता.